तुटलेल्या तारेलाही पत्ता असतो

नेट बंद पडले की घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, "नेट गेलं." कुठे गेले, कशाने गेले, हे कोणी विचारत नाही. इकडे शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते, दुबईतल्या मुलाशी अम्मीचे बोलणे अर्धवट तुटते, घरबसल्या शिलाईच्या ऑर्डरी घेणाऱ्या बहिणीचे काम थांबते. तक्रार केली तर "राउटर बंद करून चालू करा" असे उत्तर मिळते आणि दोन दिवस निघून जातात. फायबरमधला बिघाड कसा शोधतात हे घरातल्या एका माणसाला जरी ठाऊक असले, तरी यातला बराच वेळ वाचू शकतो.

आपला नागपूर हा राज्यातला पहिला डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झाला, तो गावोगावच्या ग्रामपंचायती फायबरने जोडल्यामुळे. शहरात मोमिनपुऱ्यापासून जाफरनगरपर्यंत ही बारीक तार खांबांवरून घरात आली आहे. तिच्यातून माहिती विजेने नव्हे, प्रकाशाने जाते. आत केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो आणि त्यात प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने धावतो.

प्रतिध्वनी ऐकून डोंगर किती लांब आहे हे काढायला आम्ही शाळेत मुलांना शिकवतो. फायबरचा बिघाड नेमका याच हिशोबाने सापडतो. ओटीडीआर नावाचे यंत्र तारेत प्रकाशाचा एक अतिशय छोटा झोत सोडते. काचेतून जाताना त्यातला अगदी थोडा प्रकाश सतत मागे फिरत असतो, आणि तुटलेल्या टोकावर बहुधा जास्त परततो. समजा तो ४० मायक्रोसेकंदांनी परत आला. एका मायक्रोसेकंदात २०० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ किलोमीटर झाले. तार ४ किलोमीटरवर तुटली आहे! यंत्राच्या पडद्यावर उताराची रेघ दिसते. जॉइंट खराब असेल तिथे रेघेला पायरी पडते, आणि तार तुटली असेल तिथे रेघ एकदम खाली कोसळते. नेट चालू असतानाही वेगळ्या रंगाचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडून अशी तपासणी करता येते. मोठ्या मार्गांवर अशी नजर सतत ठेवता येते.

मोहल्ल्यात मात्र एक अडचण असते. कंपनीकडून आलेली एक तार स्प्लिटर नावाच्या डबीत अनेकदा ३२ घरांत वाटली जाते. त्या सगळ्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. अशा वेळी सर्वांत उपयोगी प्रश्न शेजाऱ्याला विचारायचा असतो, "भाईजान, तुमचं नेट चालू आहे का?" एकाच कंपनीचे सगळे बंद असतील तर दोष बहुधा डबीच्या आधी आहे. फक्त आपलेच बंद असेल तर तो डबीपासून आपल्या घरापर्यंत आहे. वीज गेल्यामुळे यंत्र बंद पडले, तर बहुतेक यंत्रे बंद होता होता कंपनीला शेवटचा संदेश पाठवतात. त्यामुळे वीज गेली की तार तुटली, हे तिकडे कळू शकते.

आता घरातले पाहू. भिंतीवरच्या यंत्रावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. तो दिवा बंद आहे आणि 'पॉन' दिवा स्थिर हिरवा आहे, तर तार बहुधा ठीक आहे. वायफाय, सेटिंग किंवा पुढची सेवा तपासावी. टेक्निशियन आला की "पॉवर किती येते?" असे जरूर विचारावे. आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत हवा. दर ३ अंकांच्या घसरणीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून उणे २० चा आकडा उणे २६ झाला तर प्रकाश चौथाईवर आला. कपाटामागे दाबलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली तार हे याचे नेहमीचे कारण. आणि मुलांना बजावून ठेवा, तारेच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहायचे नाही. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो डोळ्याला इजा करू शकतो.

बाहेरच्या बिघाडांचे मोठे कारण खोदकाम आहे. सिमेंटचे रस्ते, नळ, गटार यांसाठी आपल्या शहरात सतत खोदणे चालू असते आणि जेसीबीच्या एका फटक्याने शेकडो घरे तुटू शकतात. याचसाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने त्यावर आधी कळवले की जमिनीखालच्या तारा-नळ्यांच्या मालकांना सूचना जाते. गल्लीत खोदकाम सुरू होणार असेल तर ठेकेदाराला याची आठवण करून देणे आपल्याही हाती आहे.

घरात एक छोटी वही ठेवावी. नेट कोणत्या तारखेला, किती वाजता गेले, कोणता दिवा लाल होता, शेजाऱ्यांचे चालू होते का, पॉवरचा आकडा काय होता, एवढे लिहावे. ही वही नववी-दहावीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावी. तक्रार करताना "नेट गेलं" एवढेच न म्हणता या चार गोष्टी सांगितल्या, तर खांबावर चढणाऱ्या त्या पोरालाही कुठून सुरुवात करायची ते कळेल.