रंग कोठे असतो?

रंग कापडात असतो, असे आपण सहज म्हणतो. छटा जुळली नाही की दोषही सहजच रंगाऱ्यावर येतो. रंगखात्यातील कामगारांत वावरलेल्या आम्हाला म्हणूनच हा प्रश्न केवळ शास्त्राचा वाटत नाही. तो रोजीचाही आहे.

रंगाचे भागीदार तीन. पहिला प्रकाश. पांढऱ्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सारे किरण एकत्र नांदतात, हे न्यूटनने १६६६च्या सुमारास लोलकाचे प्रयोग करून ओळखले. दुसरा पृष्ठभाग. तो काही किरण गिळतो, उरलेले परत पाठवितो. तांबडे लुगडे मुख्यतः तांबडे किरण परतविते. पण परतवायला ते मुळात आले तर पाहिजेत! कमी दाबाच्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या उजेडात ते जवळजवळ नसतातच. मग तेच लुगडे काळपट दिसते.

तिसरा भागीदार डोळा. त्याच्या पडद्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. मेंदू त्या तिघींच्या साक्षी ताडून रंग ठरवितो. म्हणूनच निरनिराळ्या रंगद्रव्यांची दोन कापडे दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात नेताच वेगळी पडतात. कापड तेच, डोळा तोच. बदलला तो उजेड.

शेजारही फसवितो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात १८२४ साली शेव्रल नावाचे रसायनज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. तेथील काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. त्यांनी इतर ठिकाणची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगात खोट निघाली नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो काळा निस्तेज भासत होता. या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ साली निघाला. रंगारी निर्दोष ठरला, तो कोणाच्या दयेने नव्हे, तपासणीने.

तेव्हा छटेचा वाद उपस्थित झाला, तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: कापड कोणत्या उजेडात पाहिले, कशाशेजारी ठेवून पाहिले आणि कोणाच्या डोळ्यांनी पाहिले? कारण काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, तांबडे-हिरवे जन्मतःच नीट वेगळे दिसत नाही. प्रमाण उजेड कोणता मानावा, याचे आंतरराष्ट्रीय संकेत १९३१ पासून ठरलेले आहेत आणि तसा उजेड देणाऱ्या तपासणीपेट्याही मिळतात. मजुरी कापण्यापूर्वी कापड त्या पेटीत ठेवून मालकाने आणि कामगाराने मिळून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.