मापनयंत्र आणि संगणक यांचा संवाद

भारतातील पहिला अंकीय संगणक कोलकात्यास, म्हणजे त्या वेळच्या कलकत्त्यास, आला. भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली बसविलेल्या त्या 'एच. ई. सी. २ एम' यंत्रास डोळे वा कान नव्हते. प्रयोगातील मापे अशा यंत्रास कळवावयाची झाल्यास एकाने काट्याकडे पाहून आकडा वहीत उतरवावा, दुसऱ्याने तो कार्डावर छिद्रांच्या रूपाने नोंदवावा, आणि मगच ते कार्ड यंत्राच्या मुखी जावे, एवढाच मार्ग होता. आकडा चुकण्यास त्यात दोन जागा होत्या. पण वाटेत विचार करणारा मनुष्यही होता, आणि अशक्य आकडा दिसताच तो थबकू शकत असे.

याच नगरीच्या बिधाननगर भागातील व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये १९७७ च्या जूनमध्ये सायक्लोट्रॉनमधून पहिला कणझोत मिळाला. कणझोत चालू असताना प्रारणामुळे सायक्लोट्रॉनच्या दालनात मनुष्यास प्रवेश नसतो. चुंबकांतील विद्युत्प्रवाह, नळ्यांतील निर्वात इत्यादींची मापे दुरूनच घ्यावी लागतात. अशा ठिकाणी मापनयंत्राने थेट संगणकाशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

बोलणे म्हणजे तारेतून विद्युद्दाबाचे चढउतार पाठविणे. १९६० साली अमेरिकेत ठरलेल्या आणि आजही प्रयोगशाळांतून आढळणाऱ्या आरएस-२३२ पद्धतीत +३ ते +१५ व्होल्ट म्हणजे शून्य आणि -३ ते -१५ व्होल्ट म्हणजे एक. शून्य वा एक अशा प्रत्येक खुणेस बिट म्हणतात. दर अक्षरामागे साधारणतः दहा बिट जातात : एक आरंभाचा, आठ अक्षराचे व एक शेवटचा. वेग सेकंदास ९६०० बिट असल्यास सेकंदात ९६० अक्षरे पोहोचतात. मौज अशी की, ताल धरून देणारी निराळी तार येथे नसते. आरंभाचा बिट ओळखावयाचा आणि पुढचे आपल्याच घड्याळावर मोजावयाचे! संगणकावर चुकून ४८०० हा वेग राहिला, तर दोन बिटांच्या काळात तो एकच मोजतो व पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. म्हणून वेग, अक्षरातील बिटांची संख्या आणि वाक्य संपल्याची खूण ही दोन्हीकडे सारखीच ठरवावी लागतात. ही शेवटची खूण राहून गेली की संगणक उत्तराची वाट पाहत स्वस्थ राहतो, आणि नवशिके बिचारे केबल बदलीत बसतात.

एकाच केबलमालिकेवर अनेक यंत्रे जोडण्यासाठी १९७५ साली मानक ठरलेली जीपीआयबी ही दुसरी पद्धत आहे. तीत संगणकासह पंधरा यंत्रे जोडता येतात. मात्र प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक हवा. दोघांस एकच क्रमांक दिल्यास एका हाकेस दोघेही ओ देतात.

हे दोष निदान लपून राहत नाहीत. अधिक घातक दोष एककाचा. यंत्र नुसते '१.२५०' असे पाठविते. तो आकडा मिलिव्होल्टचा असून संगणकाने व्होल्ट गृहीत धरले, तर हजारपटीची चूक अगदी शुद्ध रूपाने नोंदीत शिरते; थबकणारा मनुष्य आता वाटेत नसतो. यास्तव जोडणी होताच प्रथम यंत्रास त्याचे नाव विचारण्याची आज्ञा पाठवावी. नंतर ज्ञात विद्युद्दाब जोडून यंत्राच्या दर्शनी भागावरील आकडा व संगणकातील नोंद शेजारी ठेवून ताडून पाहावी. मापनाचा पल्ला बदलूनही हीच तपासणी पुन्हा करावी, कारण पल्ल्याबरोबर काही यंत्रांत दर्शविलेले एककही बदलते.