लाईन, लेक्चर आणि एक पान

पहाटे ४.१५
अप्पा बळवंत चौकात गठ्ठे सुटलेले असतात. मुख्य अंकात पुरवणी, पुरवणीत क्लासवाल्यांची पत्रकं, असं भरत बसायचं. माझी लाईन सदाशिव पेठेतली, दीडशेच्या आसपास घरं. कोण गावाला गेलंय, कुणाला इंग्रजी पेपर फक्त रविवारी लागतो, हे डोक्यात ठेवूनच सायकल काढायची. आज डोक्यात आणखी एक गोष्ट आहे. एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स असिस्टंट हवाय आणि प्लेसमेंट सेलला पाचच्या आत रेझ्युमे पाहिजे.
एजन्सीवाल्या काकांना विचारलं, "रेफरन्सला तुमचा नंबर देऊ का?"
"दे की! आणि पोरगा खाडा करत नाही, हे ठळक लिही."

सकाळी ७.३०
आंघोळ, चहा, लेक्चर. टीवाय बीकॉमला कॉस्टिंगच्या तासाला झोप आवरणं हेही एक कौशल्यच, पण ते लिहिता येत नाही.

११.१५
कँटीनमध्ये पोहे आणि मोबाइलवर मित्रानं पाठवलेला नमुना. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित, फोटो, शिवाय प्रत्येक कौशल्यापुढे पाचपैकी चार चांदण्या. लग्नाच्या स्थळासारखी माहिती आधी उडवली. चांदण्याही गेल्या, चार कुणी दिल्या, असं विचारलं तर काय सांगणार? वर नाव, मोबाइल, साधा ईमेल पत्ता आणि शहर. शिक्षणात सर्वांत अलीकडचं आधी. त्याखाली एमएस-सीआयटी, इंग्रजी टायपिंग ४० आणि टॅली.

१२.००
ग्रंथालयातली ड्युटी. विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या अण्णांनी कष्ट करून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. त्यामुळे इथल्या हजेरीपत्रकावर सही करताना कुणाला संकोच वाटत नाही.
काम परत आलेली पुस्तकं जागेवर लावण्याचं. अकाउंटन्सी ६५७ मध्ये, व्यवस्थापन ६५८ मध्ये. नवी मुलं ६५७.४६ हा आकडा ६५७.५ च्या नंतर लावतात, कारण पाचापेक्षा शेहेचाळीस मोठे दिसतात. दशांशाची ही गफलत झाली की पुस्तक कपाटात असूनही हरवतं.
ग्रंथपाल मॅडमना मोबाइल दाखवला. "हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अरे, आळशी आहे असं कुणी लिहितं का? तू इथं काय करतोस ते लिही."

दुपारी ३.१५
कॉम्प्युटर लॅब. खरा पेच पेपरच्या कामाचा. दहावी-बारावीचे निकाल लागले की 'पहाटे पेपर टाकून मिळवले नव्वद टक्के' अशा बातम्या येतात. त्या मीच घरोघर टाकतो. वाचणारा हळहळतो, कौतुक करतो. पण सीएच्या ऑफिसला माझं कौतुक करायचं नाहीये, त्यांना व्हाउचर नीट लावणारा माणूस हवाय. चारला उठतो, हे त्यांच्या काय कामाचं?
मग महिनाअखेर आठवली. बिलं फाडायची, दारोदार वसुली करायची, कुणाचे खाडे वजा करायचे, कुणाची मागची बाकी पुढे ओढायची आणि वहीतली बेरीज एजन्सीच्या हिशेबाशी रुपयात जुळवायची. 'न्यूजपेपर बॉय' एवढंच टाइप केलं होतं, त्याखाली इंग्रजीत दोन ओळी घातल्या. सुमारे दीडशे ग्राहकांची मासिक बिलं व वसुली. थकबाकीची नोंद आणि एजन्सीशी हिशेबाचा ताळा. ग्रंथालयाखाली वर्गीकरण क्रमांकानुसार मांडणी आणि देवघेवीच्या नोंदी. पहाटेची वेळ कुठेच लिहिली नाही. फक्त एक ओळ ठेवली: शिक्षणाचा खर्च स्वतःच्या कमाईतून. ती खरी आहे, आणि तेवढी पुरे.

४.४०
एक पान भरलं. दोन रकान्यांचा तक्ता काढून साध्या ओळी केल्या. काही ठिकाणी रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि तक्त्यात त्याचा गोंधळ होऊ शकतो. फाइल पीडीएफ केली, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मजकूर इकडचा तिकडे होतो. फाइलला 'फायनल न्यू २' नव्हे, माझं नाव आणि पदाचं नाव दिलं. मेलमध्येही दोन वाक्यं लिहिली. कोरा मेल पाठवणं म्हणजे दारात पाकीट टाकून पळणं. वेळेत गेला.

रात्री ८.३०
मेसमधून येऊन पान पुन्हा उघडलं. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न: समोरच्यानं 'हे कसं करतोस?' विचारलं तर दोन मिनिटं बोलता येईल? वसुलीवर तर अर्धा तास बोलेन. बिल चुकवणारे सगळे तोंडपाठ आहेत. टॅलीत व्हाउचर एन्ट्री येते. एक्सेलपाशी बोट थांबलं. बेरजा, फिल्टर, व्हीलुकअप जमतं. पिव्हट टेबल येत नाही, म्हणून ते लिहिलंही नाही. पण पदाच्या जाहिरातीत ते मागितलंय, तेव्हा मुलाखतीत विचारणारच. पेपरवसुलीची वही समोर घेतली आणि पेठेतल्या गल्लीवार थकबाकीचा पहिला पिव्हट त्याच आकड्यांवर करायला बसलो.