रक्तातील मूलपेशींचे प्रत्यारोपण : संशोधन काय सांगते आणि कुटुंबाने काय जाणावे?



नांदेड किंवा लातूरच्या रुग्णालयात डॉक्टर जेव्हा सांगतात की, 'मुलाचा बोन मॅरो बदलावा लागेल', तेव्हा आईवडिलांपुढे एकाच वेळी अनेक प्रश्न उभे राहतात. हा उपचार कोठे होतो? पैसा कोठून आणावयाचा? आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे, एवढे करूनही मूल वाचेल काय? ऐकीव माहितीवर विसंबून काही कुटुंबे उपचार नाकारतात, तर काही शेत विकून घाईने निघतात. या विषयावर जगभर झालेल्या संशोधनाचे सार आपल्या वाचकांसमोर सोप्या शब्दांत मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

मूलपेशी म्हणजे काय?

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा नावाचा मऊ भाग असतो. तेथील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट्स आयुष्यभर निर्माण होत राहतात. ही जननीच रोगट झाली, तर बाहेरून कितीही रक्त चढविले तरी तो तात्पुरता आधार ठरतो. प्रत्यारोपणात औषधांनी, तर कधी किरणोत्सर्गाने रुग्णाची जुनी मज्जा नष्ट केली जाते आणि दात्याच्या मूलपेशी शिरेतून सलाईनप्रमाणे दिल्या जातात. त्या रक्तप्रवाहातून आपोआप हाडांत जाऊन स्थिरावतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत नव्या पेशी रक्तात दिसू लागतात. यात हाड कापले जात नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

हा उपचार प्रामुख्याने रक्ताचा कर्करोग, मज्जा सुकण्याचा रोग म्हणजे ॲप्लास्टिक ॲनिमिया, थॅलसेमिया आणि सिकलसेल या रोगांत केला जातो. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर या आदिवासीबहुल तालुक्यांत सिकलसेल आढळतो. त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

थोडा इतिहास

अमेरिकेतील डॉ. डोनॉल थॉमस यांनी १९५७ साली मानवातील अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. त्या पहिल्या रुग्णांपैकी कोणीही फार काळ जगले नाही. अनेकांनी हा मार्ग सोडून दिला. थॉमस यांनी सोडला नाही. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली होती. बालपणीच्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या या डॉक्टरांनी ही विद्या थॉमस यांच्याच संस्थेत आत्मसात केली होती. पाठोपाठ १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही हे कार्य सुरू झाले.

संशोधनाचे निष्कर्ष

पहिला निष्कर्ष म्हणजे वेळेचे महत्त्व. इटलीतील पेसारो येथे डॉ. गुइदो लुकारेल्ली यांनी थॅलसेमियाच्या शेकडो मुलांवर प्रत्यारोपण केले आणि तीन गोष्टींवरून जोखीम ठरविली : यकृत वाढले आहे काय, यकृतात कठीणपणा आला आहे काय, आणि शरीरात साठलेले लोह काढणारी औषधे नियमित घेतली आहेत काय. ज्या मुलांत यांपैकी एकही दोष नव्हता, त्यांपैकी दहांतील नऊंहून अधिक जगली. तिन्ही दोष असलेल्या मुलांत हे प्रमाण त्या काळी बरेच खाली होते. म्हणजेच प्रत्यारोपणाचे यश केवळ मोठ्या रुग्णालयात ठरत नाही. नांदेड-लातूरला दर महिन्याला रक्त चढविताना लोह उतरविण्याची गोळी चुकविली की नाही, यावरही ते ठरत असते.

दुसरा निष्कर्ष सिकलसेलविषयी आहे. १९८६ ते २०१३ या काळात सख्ख्या, पूर्ण जुळणाऱ्या भावंडाच्या मूलपेशी मिळालेल्या एक हजार रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के रुग्ण जिवंत होते. सुमारे ९१ टक्के रुग्ण जिवंत असून त्यांचे प्रत्यारोपण टिकून होते. १६ वर्षांखालील रुग्णांचे निकाल त्याहून मोठ्यांपेक्षा स्पष्टपणे चांगले होते. मात्र सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला प्रत्यारोपणाची गरज नसते. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळीने अनेकांचे दुखणे आटोक्यात राहते. ज्यांना पक्षाघाताचा धोका आहे किंवा वारंवार तीव्र वेदना होतात, त्यांच्याबाबत हा विचार प्रामुख्याने केला जातो.

तिसरा निष्कर्ष रक्ताच्या कर्करोगाविषयी आहे. येथे दात्याच्या पांढऱ्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगावरही हल्ला करतात, हा त्यांचा मोठा लाभ होय. परंतु औषधांनी रोग आटोक्यात आलेला असताना प्रत्यारोपण केले, तर यशाची शक्यता अधिक असते. रोग उसळलेला असताना ती पुष्कळ घटते.

आकडे कसे वाचावेत?

डॉक्टर टक्केवारी सांगतात तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करून विचाराव्यात. 'किती रुग्ण जगले' हा एक प्रश्न. 'किती रुग्ण रोगमुक्त होऊन जगले' हा दुसरा. दोन्हींची उत्तरे सारखी नसतात. तिसराही प्रश्न आहे : जगलेल्यांचे जीवन कसे आहे? काही रुग्णांत दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर व आतड्यांवर हल्ला करतात. हा विकार कधी काही आठवड्यांत मिटतो, तर कधी वर्षानुवर्षे रेंगाळतो. तीव्र औषधांमुळे पुढे संतती न होण्याचीही शक्यता असते. तरुण रुग्णाच्या कुटुंबाने याविषयी संकोच न करता आधीच विचारावे. शिवाय ९० टक्के यश याचा अर्थ दहांपैकी एका घरी दुःख आले, असाही होतो. हे जाणून घेतलेला निर्णयच खरा निर्णय होय.

दाता कोण होऊ शकतो?

येथे रक्तगट जुळणे मुख्य नसते. एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून व निम्म्या वडिलांकडून येतात. म्हणून प्रत्येक सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. थॅलसेमिया किंवा सिकलसेलमध्ये त्या भावंडाला तोच आजार नसणेही आवश्यक असते. दोन्ही अटी पूर्ण होण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे सोळांत तीन एवढीच राहते. आजाराचा केवळ वाहक असलेले भावंड मात्र दाता होऊ शकते.

भावंड न जुळल्यास नोंदणी केलेल्या स्वयंसेवी दात्यांचा शोध घेतला जातो. २००९ साली चेन्नईत स्थापन झालेली 'दात्री' ही अशी एक संस्था आहे. जगभरात चार कोटींहून अधिक दात्यांची नोंद आहे. भारतीयांची संख्या त्यात फारच थोडी. खुणा वंशपरंपरेने येत असल्यामुळे आपल्या माणसांसाठी जुळणारा दाता आपल्याच समाजात सापडण्याचा संभव अधिक असतो. नोंदणीसाठी गालाच्या आतील भागावर कापूस फिरवून नमुना घेतात. पुढे खरोखर बोलावणे आले, तर चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात आणल्या जातात आणि यंत्राद्वारे काही तासांत गोळा केल्या जातात. दात्याच्या शरीरात त्या पुन्हा तयार होतात. अलीकडे निम्म्या जुळणाऱ्या आईवडिलांकडूनही प्रत्यारोपण होऊ लागले आहे. त्याचे निकाल सुधारत असले तरी खर्च व गुंतागुंत अधिक आहे.

एक सूचना महत्त्वाची. ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाला सख्ख्या नातेवाइकांनी शक्यतो रक्त देऊ नये. त्यामुळे पुढे त्याच कुटुंबातील मूलपेशी शरीराकडून नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. प्रेमापोटी रांगेत उभे राहणाऱ्या काका-मामांना हे समजावून सांगावे.

ख्रिस्तसभेची शिकवण

'स्टेम सेल' हा शब्द ऐकून काही श्रद्धावंतांच्या मनात शंका येते. ख्रिस्तसभेचा विरोध मानवी भ्रूण नष्ट करून मूलपेशी मिळविण्यास आहे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून किंवा जन्माच्या वेळी नाळेतील रक्तातून मूलपेशी घेण्यास विरोध नाही. २००८ सालच्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात हा भेद स्पष्ट केलेला आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'एव्हान्जेलियुम विते' या विश्वपत्रात योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाचा प्रेमाची कृती म्हणून गौरव केला आहे. मात्र आजारी मुलाला जुळणारे भावंड मिळावे म्हणून प्रयोगशाळेत अनेक भ्रूण तयार करून एकच निवडणे व उरलेले टाकून देणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. दात्यावर, विशेषतः लहान भावंडावर, दबाव नसावा, हेही तितकेच महत्त्वाचे.

खर्च, अंतर आणि घर

जुळणाऱ्या भावंडाकडून होणाऱ्या प्रत्यारोपणासही अनेक लाख रुपये लागतात. थॅलसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या साहाय्याने २०१७ पासून सुरू झालेल्या थॅलसेमिया बाल सेवा योजनेतून ठरावीक रुग्णालयांत, निकषांत बसणाऱ्यांना दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. कोणत्या आजारासाठी कोणती शासकीय मदत मिळू शकते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे व समाजसेवा अधीक्षकांकडे उपचारापूर्वीच विचारावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलसेमिया, सिकलसेल व हिमोफिलिया यांचा समावेश आहे; प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

रुग्णाला पहिले सुमारे शंभर दिवस केंद्राजवळ राहावे लागते. मुंबई असो वा हैदराबाद, भाड्याची खोली, एका पालकाची बुडालेली मजुरी आणि गावी राहिलेली इतर मुले यांचा विचार आधीच करावा. परत आल्यावर उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न आणि धूळ व गर्दीपासून बचाव हे महिनोन्‌महिने पाळावे लागते. अंगात ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. बालपणीच्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात.

आपण काय करावे?

१. विवाहापूर्वी वधूवरांनी सिकलसेल व थॅलसेमियाची रक्ततपासणी करावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी विवाहाची चाल आहे. चर्चच्या कायद्याचे कलम १०९१ अशा जवळच्या नात्यास विवाहातील अडथळा मानते, हे स्मरावे.

२. १८ वर्षांवरील निरोगी तरुण-तरुणींनी दाता म्हणून नोंदणी करावी. दाता तरुण असल्यास रुग्णाचे निकाल अधिक चांगले येतात, असे संशोधन सांगते. परंतु बोलावणे आल्यावर माघार घ्यावयाची असेल तर नोंदणी करू नये. रुग्णाची मज्जा नष्ट केल्यानंतर दात्याने दिलेला नकार त्याच्या जीवावर बेततो.

३. धर्मग्रामातील रुग्णाच्या कुटुंबास पैशांबरोबरच माणसांची सोबत द्यावी. प्लेटलेट्स देण्यासाठी शहरातील ओळखीचे तरुण मिळवून देणे, गावी राहिलेल्या मुलांचे जेवण पाहणे, शेताची राखण करणे, ही सेवा लहान नाही.

४. रुग्ण घरी परतल्यावर भेटीचा उत्साह आवरावा. फुले-फळे घेऊन गर्दी करण्यापेक्षा दारातूनच केलेली प्रार्थना त्याला अधिक हितकारक आहे.

एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याला नवे जीवन मिळू शकते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. किनवटच्या किंवा उदगीरच्या एखाद्या मुलासाठी ते वेळेवर मिळावे, याकरिता आजच तपासणी, नियमित औषधे आणि नोंदणी यांचा निश्चय आपण सर्वांनी करू या.