पाच कोटींची थैली

सुप्याच्या एमआयडीसीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर वाद ठरलेला: पुणेरी पलटणने शादलूला सोडलंच कसं? उत्तर थैलीत आहे. 2023 च्या प्रो कबड्डी लिलावात प्रत्येक संघाला अख्ख्या चमूसाठी पाच कोटीच होते. पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर 2 कोटी 35 लाख लावले. म्हणजे जवळपास निम्मी थैली एकट्यावर! हे जमलं, कारण आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि इतर तरुण पोरं लिलावाआधीच राखून ठेवली होती. त्या हंगामात अस्लमच्या कप्तानीत पलटण जिंकली. पुढच्या लिलावात शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि करंडकही तिकडेच. अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकीतही संघाच्या खर्चाला अशीच मर्यादा असते; ती 2024-25 ला 8 कोटी 80 लाख डॉलर होती. मात्र तिथे लिलाव नसतो, वर्षानुवर्षांचे करार असतात.