स्लॅब टाकण्याआधी विचारायचे प्रश्न

शहरातून जालना रोडने निघालो आणि चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडले, की थोड्याच वेळात शेंद्र्याची एमआयडीसी लागते. २००१ मध्ये येथे स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा-बिडकीनची निवड झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ऑरिकच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. कारखान्यांबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर खोल्यांची मागणी आली. काल जेथे कापूस आणि तूर होती, तेथे आज प्लॉटिंगचे दगड रोवलेले दिसतात. शेंद्रा, कुंभेफळ, करमाडकडे कुठेही बघा, एखादा तरी स्लॅब चालू असतोच.

आम्ही शिक्षक मंडळी सर्वेक्षणाच्या निमित्ताने दारोदारी फिरतो. त्यामुळे इतरांना रस्त्यावरून दिसत नाहीत अशी घरे आम्हाला आतून दिसतात. दहा बाय दहाच्या ओळीने खोल्या आणि सगळ्यांना मिळून एकच जिना. जिन्याखाली गॅसची टाकी, शेजारी मीटरचा बोर्ड. वर सळया उघड्या सोडलेल्या, कारण धाकट्याच्या लग्नाआधी आणखी एक मजला चढवायचा आहे. ही घरे आळशी माणसांची नाहीत. पोटाला चिमटा घेऊन बांधलेली आहेत. म्हणूनच घर सजवण्याआधी ते सुरक्षित आहे का, हा प्रश्न या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

तीन इमारती, तीन धडे

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ जण मरण पावले. या इमारतीला परवानगीच नव्हती. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायलाही आली होती. बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली.

२४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळच्या वेळी खाली बसली. १६ जण गेले. चार वर्षांचा एक मुलगा अनेक तासांनंतर ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, हे आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल. या इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपालिकेचे मुख्याधिकारी आणि अभियंता यांच्यावरही गुन्हा दाखल झाला.

महिनाभराच्या आतच, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, भिवंडीतील जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. जवळपास ४० जणांचे प्राण गेले. ही इमारत १९८४ ची होती. ती धोकादायक असल्याची नोटीस आधीच दिलेली होती. पण नोटीस हातात देऊन कुटुंबाला दुसरे छप्पर मिळत नाही, त्यामुळे माणसे तेथेच राहिली.

पहिल्या इमारतीला परवानगी नव्हती. दुसरीचे कागद होते, पण कागदामागची तपासणी नीट झाली का, हा प्रश्न उरला. तिसरीची तपासणी झाली होती, पण पुढची कारवाई झाली नाही. परवानगी, तपासणी आणि कारवाई या साखळीतली एक कडी तुटली तरी पुरते. तिन्ही ठिकाणी आपल्यासारखीच कष्टकरी कुटुंबे राहत होती.

आपल्याच शहरातील दोन पहाटा

लांबची उदाहरणे कशाला? ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्या सहा कामगारांचा मृत्यू झाला. कामाची जागा हीच झोपण्याची जागा झाली, की एका दाराच्या इमारतीत काय होते, ते त्या पहाटे दिसले.

त्यानंतर ३ एप्रिल २०२४. रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. छावणीतील दाणाबाजारात कपडे शिवण्याच्या दुकानाला पहाटे चारच्या सुमारास आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण गेले, त्यात दोन लहान मुले होती. आग वरपर्यंत पोहोचलीच नव्हती, जीव धुराने घेतला, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. खाली दुकान, वर घर आणि मध्ये एकच जिना, अशी रचना आपल्या किती मोहल्ल्यांत आहे, याचा हिशोब प्रत्येकाने करावा. शेंद्र्याच्या रस्त्याला लागून उभ्या राहणाऱ्या नव्या घरांचीही तीच तऱ्हा आहे.

कोणाकडे जायचे?

वाढत्या शहराची मोठी अडचण ही, की हद्द बदलली की कार्यालय बदलते. शहरात महापालिका, छावणीत छावणी परिषद, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी, ऑरिकमध्ये ऑरिकची स्वतःची व्यवस्था आणि आसपासच्या गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. गावात ग्रामपंचायत आहेच. प्लॉट विकणारा सांगतो, “ग्रामपंचायतीला नोंद आहे, आठ नंबरचा उतारा मिळेल.” येथेच अनेकांची फसगत होते. नमुना आठचा उतारा किंवा घरपट्टीची पावती म्हणजे कर आकारल्याची नोंद. ती बांधकामाची परवानगी नव्हे.

परवानगीचे टप्पे समजून घेतले, तर ते अवघड नाहीत. आधी जमीन बिगरशेती आहे का आणि लेआउट मंजूर आहे का, ते पाहायचे. मग नकाशा मंजूर करून बांधकाम परवानगी घ्यायची. पाया भरून जोते झाले, की जोता तपासणी. बांधकाम पूर्ण झाले, की भोगवटा प्रमाणपत्र. फ्लॅट घेणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय सामान हलवू नये. आठपेक्षा जास्त सदनिका आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड असे दोन्ही असलेल्या प्रकल्पाची नोंद महारेराकडे असावी लागते. अशा घरात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर आहे. हे अनेकांना माहीतच नसते, म्हणून गळक्या भिंतीला लोक स्वतःच्या पैशाने प्लॅस्टर करतात.

जुन्या इमारतींसाठीही कायदा आहे. महापालिका हद्दीत ३० वर्षे उलटलेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे बंधनकारक आहे. आगीबाबत २००६ चा राज्याचा कायदा आहे. ज्या इमारतींना अग्निसुरक्षा यंत्रणा बसवणे सक्तीचे आहे, त्यांनी ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. आपल्या मुलांची शाळा, आपल्या दवाखान्याची इमारत, लग्नाचा हॉल यांच्याकडे हे प्रमाणपत्र आहे का, असे विचारणे हा उद्धटपणा नाही. तो हक्क आहे.

कागद सरळ होतो, खांब नाही

आपल्या शहराला गुंठेवारी हा शब्द नवा नाही. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर होण्याची वाट त्यामुळे मिळाली आणि ते चांगलेच झाले. पण एक गोष्ट लक्षात ठेवू या. शुल्क भरल्याने मालकीचा आणि नकाशाचा प्रश्न सुटतो, खांबातली सळई वाढत नाही.

तुर्कस्तानने याची फार मोठी किंमत मोजली. तेथे २०१८ मध्ये नियमबाह्य इमारतींना दंड भरून माफी देण्यात आली. तेथील अभियंत्यांनी धोक्याचा इशारा दिला होता. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्या देशात ५० हजारांहून अधिक माणसे गेली आणि मग माफी मिळालेल्या इमारतींवर चर्चा सुरू झाली. भूकंप कागद पाहत नाही. १९९३ मध्ये किल्लारीने ते आपल्या मराठवाड्यालाही शिकवले आहे. म्हणून नियमितीकरणाची फाइल करणाऱ्यांनी त्याच वेळी इंजिनिअरकडून घराची मजबुतीही तपासून घ्यावी.

व्याज टाळणाऱ्या घरांची जास्तीची जबाबदारी

येथे एक खास आपल्या घरांतली गोष्ट सांगायला हवी. आपल्यातील बरीच कुटुंबे व्याजाचे कर्ज नको म्हणून बँकेकडे जात नाहीत. बिसी लावून, दागिने मोडून, आखातातून आलेल्या पैशातून थोडे थोडे बांधतात. ही निष्ठा कौतुकाची आहे. पण बँक कर्ज देते, तेव्हा तिचा वकील कागद पाहतो आणि तिचा माणूस जागेवर येऊन बांधकाम पाहतो. आपण बँक टाळली, की ही दोन्ही माणसेही टळतात. मग तपासणारे उरते कोण? प्लॉट विकणारा आणि मिस्त्री, ज्यांचा हिशोब काम संपण्यात आहे.

त्यासाठी उपाय साधा आहे. वकिलाला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला आपणच फी द्यायची. पूर्ण घराच्या खर्चात ही रक्कम फरशी आणि पीओपीच्या मानाने किरकोळ ठरते.

थोडे थोडे बांधण्याचा दुसरा धोका मजल्यांचा. अब्बांनी एका मजल्यापुरता पाया घेतलेला असतो. मोठ्या मुलाचे लग्न झाले, वर दोन खोल्या. धाकट्याचे ठरले, आणखी एक मजला. मग गच्चीवर पाण्याची दोन हजार लिटरची टाकी, म्हणजे दोन टन वजन. पाया मात्र तोच. नवा मजला चढवण्याआधी पाया किती भार घेईल, हे मिस्त्रीला नव्हे, इंजिनिअरला विचारावे.

काळी जमीन आणि थोडे पाणी

शेंद्र्याच्या आसपास काळी जमीन भरपूर आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला, की भिंतींना तिरके तडे जातात. अशा जागी काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जावे लागते आणि पाया किती खोल व कसा घ्यायचा, हे जागा पाहूनच ठरवावे लागते. शेजाऱ्याने पाच फूट खोदले म्हणून आपणही पाच फूट, हा हिशोब चालत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. येथे नळाला पाणी किती दिवसांनी येते, ते सांगायला नको. टँकर विकत घेणारा माणूस स्लॅबला पाणी मारताना हात आखडतो. पण काँक्रीट वाळून नव्हे, तर ओले राहून घट्ट होते. आज बाजारात बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला निदान दहा दिवस ओलावा हवा. तुळयांचे टेकू चौदा ते एकवीस दिवस काढू नयेत. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. काम सोपे व्हावे म्हणून मिक्सरमध्ये पाइप सोडून पाणी वाढवू देऊ नका. मालात जास्त पाणी म्हणजे कमी ताकद. नंतर मारायला लागणारे पाणी लोक कालवतानाच ओततात आणि नंतर देत नाहीत, असे उलटे घडते. म्हणून स्लॅबच्या खर्चातच दहा दिवसांच्या टँकरचे पैसे धरावेत.

घरच्या घरी पाहण्याच्या गोष्टी

घरात जास्त वेळ असणाऱ्या भगिनींनी या गोष्टी स्वतः पाहाव्यात:

• खांबाला किंवा तुळईला तडा, सळईवरचे काँक्रीट निखळणे, गंज दिसणे. यावर नुसते प्लॅस्टर करू नये.
• चालू-बंद होणारे दार अचानक अडकू लागणे, फरशी एका बाजूला खचणे.
• जिन्यात शिलाईचे सामान, चपलांचे कपाट, गाडी नको. धुरात तोच एक रस्ता असतो.
• सगळ्या खिडक्यांना पक्की जाळी नको. निदान एक जाळी आतून उघडणारी असावी आणि तिची चावी मुलांनाही माहीत असावी.
• इलेक्ट्रिक गाडी रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू नये. जुनी वायरिंग बदलावी, अर्थिंग तपासावे.
• गच्चीला कठडा हवाच.

शेवटची गोष्ट नवी नाही. कठडा नसलेल्या छतावर झोपू नका आणि झोपण्याआधी घरातली आग विझवा, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. वजनकाटा तपासण्याबरोबरच रस्त्यावर झुकलेली भिंत मालकाला पाडायला लावणे हेही त्याचे काम होते. जीव ही अमानत आहे, एवढाच त्यामागचा विचार.

मोहल्ल्याने करायचे काम

एकट्या कुटुंबाला कार्यालयात उभे राहायला भीती वाटते, पण दहा जण लेखी अर्ज घेऊन गेले तर पोच मिळते. धोकादायक इमारतीचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. नोटीस मिळालेल्या कुटुंबाला दोन महिने राहण्याची जागा बघून देणे, हेही शेजाऱ्यांचे काम आहे. तशी जागा मिळाली नाही, तर नोटीस निरर्थक ठरते, हे भिवंडीने दाखवले आहे.

सुरुवात आपल्या सामाईक इमारतींपासून करता येईल. मशिदीवर मजला चढतो, मदरशात मुले राहायला येतात, वर्गणी निघते आणि काम सुरू होते. जुम्याला शेकडो माणसांचा भार घेणाऱ्या छताचा इंजिनिअरने दिलेला दाखला ट्रस्टने फलकावर लावावा. वर्गणीच्या पावतीबरोबर तो दाखला मागण्याची सवय लागली, तर तीच सवय शेंद्र्याच्या प्लॉटवर, भाड्याच्या खोलीत आणि मुलांच्या शाळेतही आपल्याबरोबर येईल.