परिचारिकांची शिक्षिका होण्यास काय शिकावें लागतें?

नर्स व्हावें असें म्हणणाऱ्या मुली आपल्या शाळेंत दरवर्षीं असतात; परंतु नर्सांना शिकविणारी बाई व्हावें, असें म्हणणारी क्वचितच आढळते. त्या कामास कोणतें शिक्षण लागतें याची घरांत कोणास कल्पना नसते, हेंच त्याचें मुख्य कारण होय.

शिक्षिका व्हावयाचें म्हणजे बी. एड. हवें, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. येथें त्याची जरूर नाहीं. सरकारी रुग्णालयांत या शिक्षिकेस पाठ्यनिर्देशिका म्हणतात. तिनें बी. एस्‌सी. नर्सिंग ही पदवी घेऊन राज्याच्या परिचर्या परिषदेंत नांव नोंदविलेलें असावें व निदान एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेली असावी. भारतांत ही पदवी प्रथम १९४६ सालीं दिल्लीस व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत सुरू झाली. तत्पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं मेट्रनबाईच आपल्या इतर व्यापांतून हें काम उरकीत.

अनुभवाचें तें वर्ष कांहींना व्यर्थ वाटतें. परंतु शिकाऊ मुलगी प्रथम सुई हातीं घेते तेव्हां तिच्यापुढें नुसता पुतळा असतो. पुढें त्याच जागीं कोणाचा तरी बाप निजलेला असतो. तिचा हात कांपूं लागला, तर तो सांवरावयाचा कोणी? ज्या बाईनें स्वतः रात्रपाळ्या काढल्या आहेत, तिनेंच.

पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यासाठीं बारावीस पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि सामान्यतः शेंकडा ४५ गुण लागतात, प्रवेशपरीक्षाहि असते. म्हणजे खरा निर्णय दहावीनंतर शाखा निवडतांनाच होऊन जातो. मैत्रिणी गेल्या म्हणून दुसऱ्या शाखेस गेलेल्या मुलीस हें मागाहून कळतें, व आपला मार्ग खुंटला असें तिला वाटतें. तसें मात्र नाहीं. बारावीस इंग्रजीसह शेंकडा ४० गुण असल्यास तिला जनरल नर्सिंगची तीन वर्षांची पदविका घेतां येते, आणि नोंदणीनंतर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमानें बी. एस्‌सी. होतां येतें. चाराच्या ठिकाणीं पांच वर्षें, एवढाच काय तो फरक!

कॉलेजांत प्राध्यापकपद हवें असेल, तर एम्‌. एस्‌सी. नर्सिंग केलेंच पाहिजे. तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून बी. एस्‌सी. स शेंकडा ५५ गुण व एक वर्षाचा अनुभव असल्याखेरीज त्यास प्रवेश नाहीं. मुलग्यांनींहि हा लेख वगळूं नये. हा मार्ग त्यांनाहि खुला आहे.